तेरा वर्षे क्लच दाबल्यावर आता ऑटोमॅटिक घ्यावी का? प्रश्न घाटाचा आहे

घाटवाट

नमस्कार.

गेली तेरा वर्षे मी एकच डिझेल हॅचबॅक चालवत आहे. गाडीचे एक लाख शेहेचाळीस हजार किलोमीटर झाले आहेत, एकदा क्लचप्लेट बदलून झाली आहे आणि गिअरच्या मुठीवरचा तीनचा आकडा तळव्याने घासून पार पुसला गेला आहे. राहायला सिंहगड रस्त्यावर आणि नोकरी हिंजवडीला असल्यामुळे रोज वारज्यापासून वाकडपर्यंत पहिला गिअर, दुसरा गिअर, पुन्हा पहिला, पुन्हा न्यूट्रल असा जप चालतो. मागच्या महिन्यात एका संध्याकाळी परतताना, वेळ जात नाही म्हणून, क्लच किती वेळा दाबतो ते मोजायला घेतले. तीनशेचा आकडा ओलांडला तेव्हा चांदणी चौक अजून यायचा होता, तिथे मोजणे सोडून दिले. डावा गुडघा वर्षभरापासून कुरकुरतो आहे आणि डॉक्टरांनी त्याला विश्रांती द्यायला सांगितले आहे.

पत्नीकडे परवाना आहे, पण एकदा उड्डाणपुलाच्या चढावर सिग्नलला गाडी हातभर मागे गेली आणि मागच्या रिक्षावाल्याने जे ऐकवले त्यानंतर तिने स्टिअरिंगला हात लावलेला नाही. तेव्हा घरातले मत एकमुखी आहे, की आता ऑटोमॅटिक घ्यावी. शहरापुरते बोलायचे तर माझाही त्याला विरोध नाही.

अडचण घाटाची आहे. आमचे गाव दापोलीजवळ आहे आणि महिन्यातून एकदा तरी पौड, मुळशी, ताम्हिणी, विळे, माणगाव आणि पुढे आंबेत, मंडणगड असा प्रवास होतो. या वाटेवरची घाटाची उतरण आणि चढण हा माझ्या महिन्यातला सर्वांत आनंदाचा तास असतो, हे लिहिताना थोडा संकोच वाटतो, पण ते खरे आहे. वळण दिसले की पाय उचलायचा, ब्रेकला किंचित स्पर्श करायचा, क्लच दाबून तिसऱ्यावरून दुसरा पाडायचा आणि क्लच सोडताना तो जिथे धरतो ती जागा तळपायाला कळली की गाडी आपोआप दबून वळणात शिरते. ती जागा नीट कळावी म्हणून मी घाटात चपला काढून ठेवतो. वळणाच्या शेवटी इंजिन ज्या आवाजात गाडी बाहेर ओढून काढते, तो आवाज मला आवडतो.

ऑटोमॅटिकमध्ये हे सगळे जाईल का? आणि जे जाईल ते खरोखर आनंदाचे आहे, की तेरा वर्षांची नुसती सवय? ज्यांनी मॅन्युअलवरून ऑटोमॅटिकवर येऊन घाट चालवले आहेत त्यांचे अनुभव हवे आहेत. कुठली कंपनी घ्यावी हा प्रश्न नाही, त्यासाठी मेव्हणेमंडळी समर्थ आहेत.

दातेरी_चाक

घाटवाट, आपण 'ऑटोमॅटिक' असा एकच शब्द वापरला आहे, परंतु विक्रेत्याच्या दालनात त्या एका शब्दाखाली चार वेगवेगळी यंत्रे उभी असतात आणि घाटात ती चार तऱ्हांनी वागतात. चाकणच्या परिसरात गिअरबॉक्सचे सुटे भाग बनवण्यात माझी वीस वर्षे गेली आहेत, तेव्हा थोडे लांबले तर समजून घ्यावे.

सर्वांत स्वस्त प्रकार एएमटी. यात आपल्या गाडीत आहे तसाच क्लच आणि तसाच गिअरबॉक्स असतो, फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम एक यंत्रणा करते. २०१४ मध्ये मारुतीने सेलेरिओत ती आणली आणि ऑटोमॅटिक गाडी पहिल्यांदा मध्यमवर्गाच्या हिशेबात बसू लागली. मॅन्युअलपेक्षा साधारण पन्नास हजारांचा फरक पडतो आणि ॲव्हरेज जवळजवळ तेच राहते. तक्रार एकच, गिअर बदलताना गाडी क्षणभर ओढायची थांबते आणि प्रवाशांच्या माना डोलतात. गिअर बदलण्याच्या क्षणी ॲक्सिलरेटर किंचित सैल सोडण्याची सवय लावली की हा डोल बराच कमी होतो, म्हणजे एका अर्थाने एएमटीही शिकावीच लागते. आणखी एक सूचना अशी, की चढावर ॲक्सिलरेटर दाबून गाडी जागच्या जागी रोखून धरू नये. पाय दिसत नसला तरी आत अर्धा क्लच दाबलेलाच असतो आणि प्लेट जळत असते.

दुसरा प्रकार टॉर्क कन्व्हर्टर. समोरासमोर ठेवलेले दोन टेबलफॅन डोळ्यांपुढे आणा. एक चालू केला की त्याच्या वाऱ्याने दुसऱ्याची पाती फिरू लागतात, तसेच येथे तेलाच्या प्रवाहाने होते. दोहोंमध्ये मुळात घर्षणाचा क्लच नसल्यामुळे रांगणाऱ्या गर्दीत जळण्यासारखे काही नसते, शिवाय गाडी सुटताना हे यंत्र इंजिनाचा जोर सुमारे दुपटीपर्यंत वाढवून चाकांना देते, म्हणून चढावर ते फार समजूतदार वाटते. अमेरिकेत ओल्ड्समोबिलने १९४० च्या मॉडेलवर हायड्रामॅटिक नावाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दिला तेव्हापासून तेलातून शक्ती पाठवण्याचे हे तंत्र बाजारात मुरले आहे. नाशिकला तयार होणाऱ्या महिंद्र थारला २०२० मध्ये सहा गिअरचे टॉर्क कन्व्हर्टर मिळाले आणि आडवाटेवर हिंडणाऱ्या मंडळींपैकी अनेकांनी, तोंडाने मॅन्युअलचे गुणगान गात, तेच घेतले.

तिसरा सीव्हीटी. याची ओळख महाराष्ट्राला गाडीच्या आधी स्कूटरने करून दिली. चेतकवर डाव्या मुठीत पिळून गिअर बदलणाऱ्या घरांत १९८४ नंतर कायनेटिक होंडा आली, ती याच तत्त्वावर. व्यास बदलणाऱ्या दोन पुली आणि त्यांवरचा पट्टा, एवढेच. मोटारीत हे तंत्र डच डाफ कंपनीने १९५८ मध्येच आणले होते. शहरात यासारखे गुळगुळीत दुसरे काही नाही. घाटात मात्र आपण पाय दाबला की आधी इंजिन ओरडते आणि गाडी मागाहून निघते, त्यामुळे आवाजावरून वेग ओळखणाऱ्या माणसाचा यात विरस होईल. आपण त्यातले दिसता.

चौथा, दोन क्लचांचा. एका क्लचकडे विषम गिअर, दुसऱ्याकडे सम. तिसऱ्यात चालताना चौथा आधीच तयार ठेवलेला असतो, त्यामुळे बदल डोळ्याचे पाते लवण्याआधी होतो. चालवण्यात सर्वांत तरतरीत हाच. परंतु कोरड्या क्लचचा गिअरबॉक्स तुंबलेल्या रस्त्यावर तापतो. माझ्या एका सहकाऱ्याच्या गाडीने, कंपनीचे नाव घेत नाही, ऐन मे महिन्यात घाटातल्या कोंडीत तापल्याचा इशारा दाखवला आणि त्यांना अर्धा तास कडेला झाडाखाली बसून काढावा लागला. आपला रोजचा रस्ता पाहता कोरड्या क्लचचा हा प्रकार मी आपल्याला सुचवणार नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. चौघांत एक उणीव समान आहे : गिअरबॉक्सला रस्ता दिसत नाही. आपण वळण पाहून दुसरा गिअर पाडता. यंत्राला फक्त आपला पाय, वेग, इंजिनाचे फेरे आणि फार तर चढउतार कळतो. वळणाआधी आपण पाय उचललात की त्याला वाटते, साहेबांना आता घाई नाही, आणि ते वरचा गिअर टाकून मोकळे होते. वळणातून निघताना आपण पाय दाबलात की त्याची चूक त्याच्या लक्षात येते, मग ते धांदलीने खालचा गिअर शोधते, आणि तोवर वळण मागे पडलेले असते. आपण जो आनंद वर्णन केला आहे तो या आधी ठरवण्यात आहे, असे माझे मत आहे. त्यात क्लचचा वाटा आपल्याला वाटतो तेवढा नाही. म्हणून ज्या ऑटोमॅटिकमध्ये दांड्याला अधिक-उणे खुणा किंवा स्टिअरिंगमागे पॅडल (बोटांनी गिअर बदलण्याच्या कळा) आहेत आणि आपण सांगितलेला गिअर जी निमूट धरून ठेवते, तीच गाडी पाहावी. दालनातून मागणी करून चढाच्या रस्त्यावर चाचणी घ्या आणि दुसऱ्यात ठेवून पाय उचला. तिने विचारल्याशिवाय तिसरा टाकला तर तिथूनच परत फिरा.

वेगाचा आणि आनंदाचा संबंध किती कच्चा आहे, याचे एक उदाहरण देतो. १९८९ मध्ये फेरारीने फॉर्म्युला वनच्या गाडीत स्टिअरिंगमागचे पॅडल आणले आणि नायजेल मॅन्सेलने ब्राझीलमध्ये तिची पहिलीच शर्यत जिंकली. तिथून पुढे शर्यतीपुरता निकाल लागला, यंत्र माणसापेक्षा वेगाने गिअर टाकते. त्याच तर्काने पोर्शेने २०१३ मध्ये जीटी३ ही गाडी केवळ दोन क्लचांच्या गिअरबॉक्ससह काढली, मॅन्युअल मिळणारच नाही असे ठरवून. गाडी जास्त वेगवान होती, तरीही ग्राहकांची कुरकुर थांबली नाही. २०१६ मध्ये मॅन्युअल असलेली ९११ आर थोड्या संख्येने निघाली, आणि २०१७ मध्ये जीटी३ला मॅन्युअलचा पर्याय परत द्यावा लागला. एवढे पैसे मोजून मंद गिअरबॉक्स मागणाऱ्या माणसांना वेडे म्हणावे, तर आपण चपला काढून ठेवणारे आहातच.

लालपरी_सातारा

वरील प्रतिसादातील तांत्रिक माहितीशी सहमत आहे, पण घाटाविषयी बोलताना चढणीचेच कौतुक झाले आणि उतरण राहून गेली. माझे वडील एस. टी. महामंडळात एकतीस वर्षे चालक होते. त्यांच्या उमेदीच्या काळात गिअर सिंक्रोमेशचे, म्हणजे दात आपोआप जुळवून घेणारे, नव्हते, त्यामुळे खालचा गिअर पाडायचा तर क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून इंजिनाला फेरे, पुन्हा क्लच आणि मग गिअर, असा दुहेरी क्लच मारावा लागे. चुकले तर दात करकरत आणि मागच्या बाकावरचा वारकरीसुद्धा मान वर करून पाहत असे. वडिलांच्या पिढीला यात आनंद होता का, असे मी त्यांना एकदा विचारले. ते म्हणाले, "आनंद कसला, हात भरून यायचे." मग थोडे थांबून म्हणाले, "पण न करकरता पडला की बरं वाटायचं." आपल्या प्रश्नाचे उत्तर या दोन वाक्यांच्या मधे कुठेतरी असावे.

त्यांनी मला शिकवलेला नियम साधा आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागतो, त्याच गिअरमध्ये तो उतरावा. वर्षानुवर्षे आम्ही पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकीचा घाट चढून येत आलो आणि जाताना बोगद्यातून गेलो, म्हणजे आम्हा सातारकरांना चढ आणि उतार दोन्ही वेगवेगळ्या रस्त्यांवर भेटत आले. पुढे कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडून नवले पुलाकडे जाणारा उतार लागतो. त्या उतारावर डिझेल वाचवण्यासाठी ट्रक न्यूट्रलमध्ये सोडले जातात, ब्रेक तापून निकामी होतात आणि पुढे काय होते ते पुणेकरांना सांगायला नको. विशेष म्हणजे त्यात डिझेलही वाचत नाही. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून पाय काढला तर इंधन तोडले जाते आणि चाकेच इंजिन फिरवतात, उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यासाठी इंधन जाळावेच लागते. हे मी कितीतरी ट्रकचालकांना सांगून पाहिले आहे. ते ऐकून घेतात, चहाचे पैसेही देऊ देत नाहीत, आणि पुढच्या उतारावर दांडा न्यूट्रलला नेतात.

ऑटोमॅटिकमध्ये नेमका हाच धोका नकळत होतो. दांडा 'डी'मध्ये, म्हणजे पुढे जाण्याच्या नेहमीच्या खुणेवर, ठेवून घाट उतरू लागलात की अनेक गाड्या वरचा गिअर टाकून मोकळ्या धावतात आणि चालक सबंध घाट ब्रेकवर उतरतो. काही नव्या गाड्या उतार ओळखून स्वतः गिअर पाडतात, पण त्यावर विसंबू नये. 'एल' किंवा 'टू' अशी खूण असेल, नाहीतर हाताने गिअर धरण्याची सोय असेल, तर ती उतरणीसाठीच आहे. गर्दीत तिला हात लावण्याचे कारण नाही. माझ्या पाहण्यातल्या निम्म्या ऑटोमॅटिक मालकांनी गाडी घेतल्यापासून तो दांडा 'डी'च्या खाली नेलेला नाही.

अवांतर : १ जून २०२२ रोजी एस. टी.ची 'शिवाई' ही विजेवरची बस पुणे-अहमदनगर मार्गावर सुरू झाली, म्हणजे १९४८ मध्ये पहिली एस. टी. ज्या मार्गावर धावली त्याच मार्गावर. वडील हट्टाने तिच्यात बसून आले. चालकाच्या डाव्या हाताला काहीच काम नाही, हे त्यांनी मला घरी येऊन तीनदा सांगितले.

रंकाळा

येथे सर्वांनी मॅन्युअल म्हणजे आनंद आणि ऑटोमॅटिक म्हणजे सोय, असे गृहीत धरले आहे. मला त्यात माझी बाजू मांडायची आहे.

लहानपणी झालेल्या पोलिओमुळे माझ्या डाव्या पायात जोर नाही. महाविद्यालयात मी मागे दोन जादा चाके लावलेली कायनेटिक होंडा चालवत असे, कारण गिअरची स्कूटर हा माझ्यासाठी पर्यायच नव्हता. मोटार चालवायची म्हणजे क्लच हाताने दाबता येईल अशी जोडणी गॅरेजमधून करून घ्यायची, आणि मग एकाच डाव्या हाताने क्लच, गिअर आणि वळताना स्टिअरिंगही सांभाळायचे. वडिलांच्या जुन्या गाडीत आम्ही ती करून पाहिली. मैदानात जमले, रस्त्यावर मी घाबरले. त्या काळी परवडणाऱ्या ऑटोमॅटिक गाड्या बोटावर मोजण्याइतक्या होत्या. २०१४ नंतर एएमटी आल्या, तेव्हा वयाच्या सदतिसाव्या वर्षी मी गाडी चालवायला शिकले. त्यामुळे ज्या डोल खाणाऱ्या, 'मजा नसलेल्या' गिअरबॉक्सविषयी येथे थोडे नाक मुरडले गेले आहे, त्याच्यावर माझा फार जीव आहे.

आता घाटाविषयी. कोल्हापूरहून मलकापूर, आंबा, साखरपा असा रत्नागिरीचा रस्ता मी गेली काही वर्षे नियमित चालवते. आंबा घाटात मी दांडा डावीकडे ओढून हाताने गिअर निवडते. क्लच यंत्र दाबते, पण वळणाआधी दुसरा हवा हे मी ठरवते. गाडी पाऊण सेकंद विचार करते आणि मग मानते. तो पाऊण सेकंद मी हिशेबात धरायला शिकले आहे, म्हणजे वळणाच्या थोडे आधी दांडा हलवायचा आणि पाय सैल सोडायचा. बरोबर जमले तर डोल अजिबात जाणवत नाही. घाटवाट यांनी तळपायाला क्लच धरल्याचे लिहिले आहे, ते मला कधीच कळणार नाही. पण वळणातून इंजिन ज्या आवाजात गाडी बाहेर काढते तो आवाज आणि तो नेमका तसा निघावा म्हणून आधी केलेली तजवीज, हे दोन्ही माझ्याकडे आहे. त्यामुळे दातेरी_चाक यांचे आधी ठरवण्याचे म्हणणे मला अनुभवाने पटते.

जाता जाता एक सुचवते. २०२० मध्ये ह्युंदाईने व्हेन्यूमध्ये आयएमटी नावाचा प्रकार आणला. त्यात क्लचचे पेडल नाही, पण गिअर मात्र दर वेळी स्वतःच्या हाताने टाकायचा. दांड्याला हात लागला की संवेदक ते ओळखतो आणि क्लच आपोआप दबतो. बाजाराने त्याला फारसे डोक्यावर घेतले नाही. ज्यांना क्लच नको त्यांना गिअरही नको असतो, असा कंपन्यांचा अनुभव असावा. पण दुखरा गुडघा आणि घाटाची हौस, या दोन्ही गोष्टी एकाच माणसात असतील तर तो प्रकार त्याच्यासाठीच बनवला होता असे वाटते. जुन्या बाजारात मिळतात.

टेम्सकाठी

एक छोटी भर घालतो. इकडे ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा दिली तर परवान्यावर तशी नोंद होते आणि मग मॅन्युअल चालवण्याची मुभा राहत नाही. मॅन्युअलवर उत्तीर्ण झालात तर दोन्ही चालवता येतात. त्यामुळे माझ्या मुलीने, आयुष्यात कधी क्लच दाबावा लागेल असे तिला वाटत नसताना, केवळ दार उघडे राहावे म्हणून मॅन्युअल शिकून घेतली. तिच्या बरोबरीच्या बऱ्याच मुलांनी सरळ ऑटोमॅटिकची परीक्षा दिली आणि त्यांचे प्रमाण वाढते आहे.

आपल्याकडे दुचाकीच्या परवान्यात गिअरची आणि बिनगिअरची असा भेद आहे, पण मोटारीच्या परवान्यात नाही. ऑटोमॅटिकवर परवाना काढलेला माणूस दुसऱ्या दिवशी मॅन्युअल घेऊन घाटात जाऊ शकतो. यावर कोणी तक्रार करत नाही, कारण आपल्या मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये मास्तरांच्या पायाखालीही क्लच आणि ब्रेक असतात आणि निम्मी गाडी तेच चालवतात. मी स्वतः ठाण्यात वीस दिवसांचा शिकवणीवर्ग पूर्ण केल्यावर पहिल्यांदा एकट्याने क्लच सोडला, तेव्हा गाडीने मारलेली उडी मला अजून आठवते.

घाटवाट, आपण इकडे भाड्याने गाडी घेऊन हिंडायला आलात तर मॅन्युअल मागून घ्या. येथे ती सहसा स्वस्त पडते. मात्र पहिले दोन दिवस मला तर काचेवरचे वायपरच फिरवावे लागले होते, कारण इंडिकेटरची कांडी इकडे डाव्या हाताला असते.

घाटवाट

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण आधी प्रयोग करून मग लिहावे असे ठरवले होते.

साडूंची टॉर्क कन्व्हर्टरची गाडी दोन दिवसांसाठी मागून घेतली आणि दापोलीला जाऊन आलो. सुरुवात फजितीने झाली. पौडच्या अलीकडे गतिरोधक आला, तेरा वर्षांच्या सवयीने डावा पाय क्लच समजून खाली गेला आणि तिथे होते ते रुंद ब्रेकचे पेडल. गाडी जागच्या जागी थांबली, मागच्या सीटवरचा बेसनाच्या लाडवांचा डबा खाली आला आणि मागच्या टेम्पोवाल्याने जे बोलायचे ते बोलून घेतले. त्यानंतर डावा पाय दुमडून सीटखाली ओढून घेतला आणि माणगावपर्यंत तसाच ठेवला. नव्याने ऑटोमॅटिककडे येणाऱ्यांनी हे आधी वाचावे.

मुळशीपर्यंत दांडा 'डी'त होता आणि खरे सांगायचे तर मी कंटाळलो. ताम्हिणीत पहिल्या मोठ्या वळणावर दातेरी_चाक यांनी लिहिले तेच घडले. मी पाय उचलला, गाडीने वरचा गिअर टाकला, समोरून एस. टी. आली, मी दाबले आणि क्षणभर काहीच झाले नाही. पुढच्या वळणाआधी दांडा हाताने चालवायच्या बाजूला नेला आणि एकदा मागे ओढला. दुसरा पडला, इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी तशीच दबून वळणात शिरली. तळपायाला काही कळले नाही हे खरे, पण वळणाच्या शेवटी आवाज तोच होता. विळ्याकडची उतरण लालपरी_सातारा यांच्या नियमाने, सगळी दुसऱ्यात उतरलो. खाली थांबून चाकाजवळ हात नेऊन पाहिला तर ब्रेकचा नेहमीचा जळका वास नव्हता. माझ्या स्वतःच्या गाडीला तो असतो, म्हणजे इतकी वर्षे मी समजतो तेवढ्या शहाणपणाने घाट उतरत नव्हतो.

रंकाळा, आपला प्रतिसाद घरी मोठ्याने वाचून दाखवला. त्याचा परिणाम परतीच्या वाटेवर दिसला. माणगावला चहा झाल्यावर पत्नीने किल्ली मागितली. विळे सोडल्यावर घाट लागला, तेव्हा तिला दांडा मागे ओढायचे एकदा सांगितले. दुसऱ्यांदा सांगायला गेलो तर "कळलं" एवढेच उत्तर मिळाले. धुके होते, दिवे लावून चाललो होतो. प्रत्येक वळणाआधी ती दांडा ओढत होती, आणि तिच्या शेजारी बसून माझा डावा पाय प्रत्येक वळणाआधी पायाखालची मॅट दाबत होता. तिच्या ते लक्षात आले तेव्हा मुळशीचे धरण दिसू लागले होते.

टॉर्क कन्व्हर्टर असलेली, दिलेला गिअर धरून ठेवणारी गाडी नोंदवली आहे. जुनी गाडी पाहायला काल एक तरुण आला होता. त्याने आमच्या सोसायटीच्या चढावर ती दोनदा बंद पाडली, तरीही घेतो म्हणाला. किंमत अजून ठरलेली नाही आणि मी ती ठरवायची घाईही करत नाही.

एक शंका राहिली आहे, दातेरी_चाक यांनी वेळ मिळेल तेव्हा सांगावे. साताठ किलोमीटर सलग दुसऱ्यात उतरताना टॉर्क कन्व्हर्टरचे तेल तापते का, आणि दर पावसाळ्यात चारपाच वेळा घाट होणार असेल तर ते तेल कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरच्या आधी बदलावे का?